नेत्राणीला निघालाय ना, मग आग्रह इंदूरलाच ठेवून जा

प्रश्न थोडक्यात असा की इंदूरची तीन जोडपी डिसेंबरात कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी स्कुबा करणार, सहातल्या दोघांचं ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स, झालेलं, बाकी चौघं पहिल्यांदाच पाण्याखाली जाणार. आणि विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्यात, एक म्हणजे ज्यांना येतं त्यांनी नवीन लोकांना खाली किती सांभाळून घ्यायचं, दुसरं बायको घाबरते तिला कसं तयार करू, आणि तिसरं, रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह मारून रात्रीच्या विमानाने निघालं तर चालेल का.

तिसऱ्याचं आधी सांगतो कारण ते तिकिटं काढायच्या आत कळायला पाहिजे. नाही चालणार. खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात नि चरबीत विरघळून बसतो आणि वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडत राहतो, आणि विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरचा नसतो, तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे समजा तुम्ही समुद्रातून निघून थेट महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसलात. उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. एकच साधी डाइव्ह असेल तर कमीत कमी १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा लागोपाठ दोन-तीन दिवस डाइव्ह असतील तर १८ तास, हा डायव्हर लोकांचा सर्वमान्य हिशोब आहे आणि मी स्वतः सरसकट २४ धरतो, डोकं लावायला नको. तर शनिवारी डाइव्ह संपवा, रविवारी देऊळ बघा, ती १२३ फुटी महादेवाची मूर्ती बघा, समुद्रावर बसून शहाळं प्या आणि मग निघा. जोगचा धबधबा बघायला त्याच संध्याकाळी घाट चढून जायचा प्लॅन असेल तर तोही दुसऱ्या दिवसावर ढकला, रस्ता ६०० मीटरच्या वर नेत असेल तर गाडीलाही तोच नियम लागतो, नायट्रोजनला विमान आणि इनोव्हा यातला फरक कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मी २००६ पासून डाइव्ह करतोय, नोकरी इंदूरला, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदाच जमतं, पण दरवेळी कोणीतरी नवीन मंडळी बरोबर असतात आणि मी त्यांच्यात डाइव्हमास्टर, म्हणजे गटाला घेऊन उतरणारा, म्हणून जातो. इतक्या वर्षांत उपकरण बिघडलं म्हणून झालेला गोंधळ मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. जास्तीत जास्त गोंधळ मी पाहिले ते आग्रहामुळे झालेले. आपण इंदूरची मराठी माणसं, पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त वाढायच्या ही आपली घरची रीत, त्यावर मालव्याची मनुहार, म्हणजे तिकडचा आग्रह, म्हणजे डबल. "अरे ये ना, काही होत नाही" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की आपण ते ओठांवर यायच्या आधी विचारही करत नाही. आणि समोरचाही आपलाच, त्याला चारचौघांत नाही म्हणणं म्हणजे अपमान केल्यासारखं वाटतं, मग तो येतो.

मीच हे करून बसलोय म्हणून सांगतो. बरीच वर्षं झाली, गोव्याला ग्रँड आयलंडपाशी, माझा एक जुना मित्र, कॉलेजपासूनचा, ओपन वॉटर झालेला होता, त्याला आदल्या रात्रीपासून नाक जरा चोंदलं होतं. बोटीवर म्हणाला की मी आज बसतो रे वरच. मी काय म्हणालो, तर चल रे, पाच-सहा मीटर तर आहे, आणि एवढे पैसे भरलेत. बायका समोर बसलेल्या, पोरं समोर बसलेली. तो उतरला. दोरीला धरून खाली जाताना मी दोनदा त्याला ओके विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने ओके दाखवलं, डोळे मात्र मास्कच्या मागे बारीक केलेले होते आणि मला ते दिसले होते, हे मी आजही नाकारू शकत नाही. वर आलो तर मास्कमध्ये रक्त, आणि कानात शिट्टी वाजतेय म्हणाला. इंदूरला येऊन डॉक्टरांना दाखवलं तर पडद्याला भोक. भरला तो पुढे, पण कित्येक महिने तो साधा स्विमिंग पूलमध्येसुद्धा उतरू शकला नाही, आणि मला एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागलं.

त्याचं कान दुखणं का झालं हे कळलं की आग्रह का नको हेही कळतं. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे वर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. आता बघा, पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पण दहापासून वीसपर्यंत जाताना फक्त दीडपट. म्हणजे कानाच्या आतली हवा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात पटकन आवळली जाते ती पहिल्या काही मीटरमध्येच, आणि आपण नवीन माणसाला धीर देताना नेमकं उलट बोलतो की उथळ तर आहे. उथळ आहे म्हणूनच जपायचं असतं. नाक दाबून हलकेच फुंकायचं, किंवा नाक दाबून आवंढा गिळायचा, दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी, दुखल्यावर नाही. दुखलंच तर एखाद मीटर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, नाही उघडला कान तर डाइव्ह संपली. जोर लावून फुंकायचं नाही, पडदा तसाच फाटतो. आणि कोणीतरी नक्की सांगणार की सर्दीची गोळी घे नि उतर, तर तेही ऐकू नका, गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर हवा आत अडकते आणि वर येताना दुखतं, आणि वर यायला तर तुम्हाला लागतंच.

तर नियम असा, आणि हा मी बोटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो: कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने किंवा अजिबात कारण नसताना डाइव्ह थांबवू शकतं. अंगठा वर. संपलं. बडी, म्हणजे जोडीने उतरलेला साथीदार, लगेच बरोबर वर येणार, चेहरा न पाडता. आणि वर आल्यावर निदान चहा होईपर्यंत कोणी "काय झालं" विचारायचं नाही. हा शेवटचा भाग लोकांना फालतू वाटतो, पण सगळं त्यातच आहे. कारण बोटीवर चढल्या चढल्या चौकशी झाली की पुढच्या वेळी तो माणूस अंगठा दाखवायच्या आधी दहादा विचार करतो, आणि खाली दहादा विचार करायला वेळ नसतो.

अंगठ्यावरून आठवलं, चौघा नवीन लोकांना हे घरीच पाठ करवा. आपण जमिनीवर मस्त म्हणायला अंगठा दाखवतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चला. मस्त म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. मी एका काकांना बघितलंय, पासष्टी ओलांडलेले, कासव दिसलं म्हणून इतके खूश झाले की दोन्ही अंगठे दाखवत सुटले आणि गाइडने त्यांना सरळ वर आणलं, काका बोटीवर बसून त्याच्यावर चिडतायत की मी तर छान म्हणत होतो! गाइडचं काहीही चुकलेलं नव्हतं, त्याने खूण पाळली. तळहात आडवा धरून हलवला तर काहीतरी गडबड आहे, आणि मग ज्या जागी गडबड आहे तिकडे बोट, म्हणजे कान तर कान. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी. हात गळ्यावरून आडवा फिरवला तर हवा संपली. एवढ्या पाच खुणा पुरेत, राजवाड्यावर फिरताना सराव केला तर लोक बघतील पण करा.

आता पहिला प्रश्न, ज्यांना येतं त्यांनी नवीन लोकांना किती सांभाळायचं. माझं उत्तर, पाण्याखाली अजिबात नाही. ओपन वॉटर झालेला माणूस शिक्षक नसतो. त्याला १८ मीटरपर्यंत आपल्याइतक्याच शिकलेल्या बडीबरोबर डाइव्ह करता येते, एवढाच त्या कार्डाचा अर्थ. चार समुद्रातल्या डाइव्ह करून ते कार्ड मिळतं, आणि तुम्ही लिहिलेलं नाही की ते कधी मिळालं, वर्षभराहून जास्त झालं असेल तर तुम्हा दोघांनाच आधी रिफ्रेशर घ्यायला लागेल, लाज वाटून घेऊ नका, मी मोठ्या गॅपनंतर अजून घेतो. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये म्हणतात ना आपल्यात, तस्संच आहे हे, फक्त इथे ब्रेक दाबून रस्त्याच्या कडेला उभं राहून भांडता येत नाही. नवीन माणसाच्या डोळ्यासमोर एकच माणूस हवा, त्याचा इन्स्ट्रक्टर. तुम्ही बाजूला येऊन हातवारे केलेत, त्याचं जॅकेट ओढलंत, मास्ककडे बोट दाखवलंत, की तो दोघांकडे बघायला लागतो आणि मग कोणाचंच ऐकत नाही. तुम्ही दोघं वेगळे जा, वेगळ्या गाइडबरोबर जा, पाण्यातली खोलीही वेगळी असेल, आणि बोटीवर भेटा.

बोटीवर मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. किट चढवायला मदत करा, बेल्ट नीट बसलाय का बघा, आणि एक गोष्ट जरूर, हवेचा काटा बघताना रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या त्या नळीतून, तीन-चार श्वास घेऊन बघायला लावा. काटा स्थिर राहिला तर ठीक. श्वास घेताना काटा खाली-वर नाचत असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, किंवा उघडून परत बंद झालाय, आणि गेजवर मात्र २०० छान दिसत राहतं. हे वरवर बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशी चूक दाखवायची पण एक पद्धत असते. "अरे हे काय केलंस" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं नाही, जवळ जाऊन म्हणायचं की जरा माझा चेक करून दे, मग मी तुझा करतो. दोघांचाही होतो आणि कोणाचा पाणउतारा होत नाही. मी डाइव्हमास्टर असून अगदी पहिल्या डाइव्हच्या माणसालाही माझा चेक करायला देतो, आणि एकदा एका कॉलेजातल्या मुलीने माझ्या वजनाच्या पट्ट्याचं बक्कल उलटं लागलंय हे पकडलं होतं, बरोबर होती ती.

हवेचा आकडा. यात पुरुष मंडळी सगळ्यात जास्त खोटं बोलतात, सांगून ठेवतो. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलेंडर साधारण ११ लिटरचा असतो आणि २०० बारपर्यंत भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा होते. शांत माणूस वर मिनिटाला १५ ते २० लिटर घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून २० घेणाऱ्याला तेवढ्याच श्वासांना ४० लिटर लागतात. ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला साधारण १,६५० लिटर, म्हणजे चाळीसेक मिनिटं. घाबरलेला माणूस जमिनीवरच ३० लिटर ओढतो, त्याला तिथे पंचवीस-सत्तावीस मिनिटंच मिळतील. यात त्याचा काही दोष नाही, आणि त्याचं शरीर तुमच्यापेक्षा मोठं असेल तर त्याला तशीही जास्त लागणार. पण होतं काय, गाइड विचारतो किती, आणि ज्याच्याकडे ६० उरलेत तो ९० दाखवतो, कारण आपल्यामुळे सगळ्यांची डाइव्ह संपली असं व्हायला नको. मग वर आल्यावर "माझे अजून ११० होते, तुझे किती" हे सुरू. हे बोलणंच बंद करा. हवा लवकर संपणाऱ्याला चिडवलं की तो पुढच्या वेळी श्वास रोखून वाचवायला बघतो, आणि स्कुबामध्ये ज्या एका गोष्टीला माफी नाही ती हीच. श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. दहा मीटरवर भरलेली छाती तोंड मिटून वर आणली तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते, आणि फुफ्फुसाला इजा व्हायला एवढंही लागत नाही, भरल्या छातीने दीडेक मीटर वर येणंसुद्धा पुरेसं असतं. त्यामुळे श्वास चालू, वर येणं सावकाश, मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि तुमच्यासारख्या कार्डवाल्यांनी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, तिथे लटकून काय करायचं म्हणून कंटाळा आला तरी.

आता वहिनींचं. तुम्ही लिहिलंय "तिला तयार कसं करू". करू नका. मी हे चिडून नाही म्हणत, पण वाक्यच असं आहे की निर्णय तुम्ही घेतलाय आणि आता फक्त तिचं मन वळवायचं राहिलंय. त्यांना कशाची भीती वाटते हे आधी नीट विचारा, आणि विचारताना लगेच उत्तर देऊ नका. काहींना पाण्याची भीती नसते, तोंडाने श्वास घ्यायची असते. काहींना मास्कने नाक बंद होतं त्याची. काहींना फक्त ओल्या सूटमध्ये सगळ्यांसमोर वावरायची लाज वाटते, आणि ते कोणी कबूल करत नाही. पहिल्या दोन भीतींवर इलाज इंदूरमध्ये होतो. कुठल्याही तरणतलावाच्या उथळ बाजूला उभं राहून, कंबरभर पाण्यात, मास्क न लावता फक्त स्नॉर्कल तोंडात धरून चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकाला पाणी लागत असताना तोंडाने श्वास घ्यायचा. पहिल्या मिनिटाला प्रत्येकाचा जीव कासावीस होतो, माझाही झाला होता, पाचव्या-सहाव्या दिवशी होत नाही. एक मात्र, पूलमध्ये कोण जास्त वेळ श्वास धरतं याची शर्यत लावू नका, आणि जोरजोरात श्वास घेऊन मग डुबकी तर मुळीच नको, माणूस न सांगता बेशुद्ध होतो त्यात, चार फूट पाण्यातही. आणि त्या सरावासाठी महेश्वरला नर्मदेत उतरायची कल्पना कोणी काढली तर हाणून पाडा, वाहत्या पाण्याची ओढ हा वेगळाच विषय आहे, घाटावरच्या गोताखोरांना विचारा कितीजणांना शोधायला त्यांना बोलावतात ते.

एवढं करूनही नको म्हणाल्या तर नको. बोटीवर बसणारा माणूसही सहलीला आलेलाच असतो. माझी बायको माझ्याबरोबर चौदा-पंधरा ट्रिपना आली, एकदाही खाली गेली नाही, आणि बोटीवरचं सगळं गॉसिप तिला माझ्या आधी माहीत असतं. स्नॉर्कल करता येतं, बेटापाशी नुसतं तरंगत खाली बघितलं तरी मासे दिसतात. फक्त परतीच्या वाटेवर "तू मिस केलंस" हे वाक्य चौघांनी मिळून शंभर वेळा म्हणू नका.

मेडिकल फॉर्मबद्दल, कारण यातही आग्रहच असतो, वेगळ्या रूपात. फॉर्म वाटले की एकजण मोठ्याने म्हणतो, सगळीकडे नो-नो टाका रे, नाहीतर सोडत नाहीत. मग ज्याला दमा आहे, बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, कानाचं ऑपरेशन झालंय, तोही नो टाकतो, कारण शेजारी मित्राची सासू बसलीय आणि तिला शुगरचं माहीत नाही. फॉर्म ज्याचा त्याने लांब बसून भरायचा, दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये डोकवायचं नाही. यस आलं म्हणजे नकार असं नसतं, डॉक्टरांचा कागद लागतो एवढंच, आणि तो कागद इंदूरहून घेऊन निघालात तर काम होतं, मुरुडेश्वरच्या जेट्टीवर सकाळी सात वाजता डॉक्टर कुठून आणणार.

डाइव्ह करवणाऱ्यांना बुकिंगआधी काय विचारायचं तर बोटीवर ऑक्सिजन आहे का, काही झालं तर जवळचा रिकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे नायट्रोजनचे बुडबुडे झालेल्याला परत दाबाखाली ठेवायची खोली, कुठे, आणि नवीन माणसामागे इन्स्ट्रक्टर किती. एकास एक असेल तर उत्तम, एकास दोन ठीक, त्याच्यापुढे मी तरी माझ्या माणसांना पाठवत नाही. उत्तर देताना कोणी हसलं किंवा "सर टेन्शन मत लो" म्हणालं तर दुसरीकडे फोन लावा.

खालच्या प्राण्यांशी वागणं. पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करून फोटो काढतात आपल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी, ते मागू नका, दिलं तर घेऊ नका. प्रवाळाला हात लावू नका, उभे राहू नका, आणि तुटलेला पडलेला तुकडाही आठवण म्हणून खिशात नको, प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ जिथे आहे तिथे. नवीन माणसाच्या हातात गोप्रो देऊ नका, तो फोटोच्या नादात एक तर वर तरंगतो नाहीतर तळाला जाऊन वाळू उडवतो आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना दूध पडल्यासारखं दिसतं. फोटो टाकायच्या आधी ज्याचा आहे त्याला विचारा, कारण वर आल्यावर मास्क काढला की जवळजवळ प्रत्येकाच्या मिशीपर्यंत शेंबूड आलेला असतो, हे कोणी आधी सांगत नाही. बडीने शांतपणे स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवायचं, समोरचा समजतो आणि तोंड धुतो. आणि मासा केवढा होता याच्या गप्पांत कोणी हात फार पसरले तर खोटारडा म्हणू नका, पाण्यात मास्कमधून सगळं तिसऱ्या भागाने मोठं आणि पाव भागाने जवळ दिसतं, त्याला खरंच तेवढा दिसलेला असतो.

रंगांचंही तसंच, लाल रंग पहिल्या पाच-सात मीटरमध्येच गळून जातो. एकदा शिंपल्याने बोट कापलं तर मला पंधरा मीटरवर हिरवट-काळं काहीतरी निघताना दिसलं, क्षणभर कळलंच नाही की हे माझंच रक्त. त्यामुळे वहिनींनी नवा लाल रॅशगार्ड फोटोसाठी घेतला असेल तर पिवळा घ्या म्हणावं. हे सांगू शकता, हा आग्रह चालतो.

वजनाचं एक, पूलमध्ये सराव करताना इन्स्ट्रक्टरने कमरेला जेवढं शिसं दिलं तेवढंच समुद्रात मागू नका. खारं पाणी अडीचेक टक्के जड असतं, सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला दोनेक किलो जास्त लागतं, सूट वेगळा असेल तर अजून फरक. आणि खाली गेल्यावर कळतं की कमी आहे, तेव्हा सांगा, नेटाने पाय मारत खाली राहायचा प्रयत्न करू नका. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट जागच्या जागी गोल फिरून बघायचं, नाही दिसला तर वर, तोही वर येईल, तिथे भेटायचं. शोधत बसायचं नाही, आणि वर भेटल्यावर "तू कुठे गेलास" "तू कुठे गेलीस" हे किनाऱ्याला लागल्यावर.

खाण्याचं. नेत्राणी किनाऱ्यापासून जवळजवळ १९ किलोमीटर आत आहे, बोटीला तास-सव्वा तास लागतो आणि समुद्र हलत असला की इंदूरकरांची खरी परीक्षा खालच्या पाण्यात नाही, या बोटीवर होते. उपाशीपोटी जाऊ नका आणि सकाळी सकाळी बॅगेतली सेव घालून पोहे, वर जिलबी असंही नको. केळं, इडली, बिस्किटं. बोट लागणाऱ्यांनी गोळी घ्यायची असेल तर ती आधी घरी एक दिवस घेऊन बघा, काहींना इतकी गुंगी येते की डाइव्हच्या कामाची राहत नाहीत. आणि खाली उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडात धरूनच करायची, तो त्यासाठी पुरेसा आहे, काढायचा नाही, मासे लगेच जमतात खायला, तुम्हाला बरं वाटतं नि त्यांचाही नाश्ता होतो. सेवेची पुडी मात्र न्या, परतीच्या बोटीवर खारं पाणी तोंडात असताना लसणाची सेव जी लागते ना.

राहिलं काय, चष्मा. नंबर असेल तर आधी फोन करून विचारा, नंबरचे मास्क बऱ्याच ठिकाणी मिळतात, किंवा सॉफ्ट लेन्स चालतात. मास्क नवीन घेणार असाल तर काचेला आतून टूथपेस्ट घासून धुवा, नाहीतर पहिल्याच दिवशी धुकं. बाकी किट विकत घेऊ नका इतक्यात, सगळं भाड्याने मिळतं. आणि सहा जणांत मिशीवाले किती ते लिहिलेलं नाही, पण मिशी असली की मास्कमध्ये थेंब थेंब पाणी येत राहतं, नाकाखालची एक बारीक पट्टी आदल्या दिवशी कापून घ्या किंवा व्हॅसलिन चोपडा. आमच्या एका मित्राने दोन्ही नाकारलं, मिशी घराण्याची आहे म्हणाला, आणि अख्खी डाइव्ह मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढण्यात गेली त्याची, पण परत कधी येणार म्हणून दर दिवाळीत तोच पहिला फोन करतो.